वैद्यविद्येचे ऋण

ऋण काढून सण करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ऋण काढल्यावाचून विद्याच मिळेना, तर काय करावे?

वाचकहो, अमेरिकेचेच पाहा. तिथे डॉक्टर कमी पडत होते, म्हणून १९६३ साली सरकारने कायदा करून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना कर्जाची सोय केली. हेतू चांगलाच होता. पुढे फी वाढत गेली आणि तिच्यामागोमाग कर्जही. २०१९ साली कर्ज काढून डॉक्टर झालेल्यांपैकी निम्म्यांच्या डोक्यावर दोन लाख डॉलर किंवा त्याहून अधिक बोजा होता! बरे, पदवी मिळाली म्हणजे सुटले असेही नाही. पुढे रुग्णालयात तीन ते सात वर्षे उमेदवारी. पगार बेताचा, व्याज मात्र चालूच.

१९७२ साली दुसरी वाट निघाली. फी सरकारने भरायची आणि जिथे डॉक्टर नाही तिथे काही वर्षे काम करून विद्यार्थ्याने ती फेडायची. २०१८ साली न्यूयॉर्क विद्यापीठाने तर आपल्या वैद्यक विद्यार्थ्यांची फीच माफ केली.

डॉक्टराने समाजाचे ऋण मानावे, असे आपण म्हणतो. पण तो आधीच सावकाराचा ऋणको झाला, तर समाजाच्या वाट्याला काय उरणार?