पावनखिंड पटावर मांडली तर? टेबलावरचा वॉरगेम आणि कॉम्प्युटर सिम्युलेशन यांत नेमका फरक काय?

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरच्या पेठांमधून चक्कर मारली तर दारादारात किल्ले दिसतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर पोतं, पोत्यावर चिखल, मोहरी किंवा हळीव पेरून उगवलेली हिरवळ आणि कुंभार गल्लीतून आणलेले मातीचे मावळे. पन्हाळा जवळच असल्यामुळे त्याची प्रतिकृती तर हमखास असते.

पण या किल्ल्यावरचा मावळा एकदा ठेवला की हलत नाही. तो हलला तर? कुठे जाईल, किती वेळात पोहोचेल, समोरचा त्या वेळात काय करेल? हे प्रश्न विचारून नियम ठरवले की दिवाळीच्या किल्ल्याचा 'वॉरगेम' होतो.

जगभरातली लष्करं असे खेळ दोनशे वर्षांपासून खेळत आली आहेत, आधी टेबलावर आणि आता कॉम्प्युटरवरही. या दोन्हींत काय फरक आहे? आणि "सिम्युलेशनने सिद्ध केलं" असं कुणी म्हटलं तर त्यावर किती विश्वास ठेवायचा? कोल्हापूर जिल्ह्यातल्याच एका लढाईच्या आधाराने समजून घेऊया.

वॉरगेम म्हणजे काय?

वॉरगेममध्ये खऱ्या सैन्याशिवाय लढाई खेळली जाते. दोन बाजू असतात, नकाशा असतो आणि कोण किती चालेल, कोण कुणावर कधी मारा करू शकेल याचे नियम असतात. नशिबाचा भाग दाखवायला फासे असतात. मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंना माणसं बसलेली असतात आणि ती निर्णय घेतात.

बुद्धिबळ हाही लढाईचाच खेळ. त्याचं मूळ असलेल्या चतुरंगात पायदळ, घोडदळ, हत्ती आणि रथ होते. पण बुद्धिबळात पाऊस पडत नाही, रसद संपत नाही आणि घोडा चिखलात रुतत नाही. या गोष्टी पटावर आणण्यासाठी वॉरगेम तयार झाला.

सुरुवात कुठे झाली?

आधुनिक वॉरगेमचा उगम प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनीच्या भागात झाला. गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये असा खेळ तिथल्या राजाला दाखवला. त्यांच्या मुलाने तो सुधारून १८२४ मध्ये नियमावली छापली. खेळाचं नाव होतं 'क्रीगश्पील', म्हणजे युद्धखेळ.

यात १:८००० प्रमाणाचे नकाशे होते. एक डाव म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटं. दोन्ही बाजू आपले हुकूम एका पंचाकडे देत आणि शत्रूचं जेवढं सैन्य खरोखर दिसलं असतं तेवढंच पंच पटावर दाखवत असे.

घराघरात हा खेळ पोहोचला तो २० व्या शतकात. लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांनी लढाई खेळण्याचे नियम 'लिटल वॉर्स' या पुस्तकात दिले. १९५४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी 'टॅक्टिक्स' हा पट बाजारात आणला. पुढे मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनी घरांचे नकाशे आले आणि तीच या खेळांची ओळख बनली. आपल्या दख्खनवरही खेळ निघाला आहे. जीएमटी गेम्स या अमेरिकी कंपनीच्या 'विजयनगर' या पटावर दिल्ली सल्तनत, बहमनी राज्य आणि विजयनगर अशा तीन बाजू आहेत.

पन्हाळ्याचा वेढा पटावर कसा येईल?

आता आपल्या लढाईकडे येऊ. अफझलखानाच्या वधानंतर काही दिवसांतच, नोव्हेंबर १६५९ मध्ये, छत्रपती शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. मार्च १६६० पासून आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. नेताजी पालकर यांनी बाहेरून वेढा फोडण्याचा प्रयत्न केला, पण तो यशस्वी झाला नाही. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला आले.

१२ जुलै १६६० च्या पावसाळी रात्री महाराज निवडक मावळ्यांसह गडावरून निसटले. पायथ्याच्या नेबापूरचे शिवा काशीद दुसऱ्या पालखीतून महाराजांच्या वेशात गेले आणि पकडले गेले. फसवणूक लक्षात आल्यावर सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंडीत त्याला रोखून धरलं आणि महाराज विशाळगडावर पोहोचले. तीच आजची पावनखिंड.

ही गोष्ट मराठी घरांत सगळ्यांना पाठ असते. पण ती पटावर मांडायला बसलं की वेगळेच प्रश्न येतात. अंतर किती? वेग किती? पाठलाग किती उशिरा सुरू झाला?

एक अगदी साधा पट बनवूया. पन्हाळा ते विशाळगड अंतर सुमारे ६० किलोमीटर धरू. कागदावर २० घरांची वाट काढा. एक घर म्हणजे ३ किलोमीटर, एक डाव म्हणजे एक तास. पावसात, रात्री, डोंगरातून जाणारे मावळे दर डावाला एक घर पुढे जातात. म्हणजे विशाळगडाला पोहोचायला २० तास.

पाठलाग करणाऱ्यांकडे घोडे आहेत. त्यांच्यासाठी फासा टाका. १ किंवा २ पडले तर एक घर, ३ ते ६ पडले तर दोन घरं. शिवा काशीद यांच्यामुळे पाठलाग सहा तास उशिरा सुरू झाला असं समजू. हे सहा तास आणि दोन्ही वेग खेळापुरते धरलेले आहेत, इतिहासातली नोंद नव्हे.

आता हिशोब करा. पाठलाग करणारे सरासरी १.६७ घरं जातात. सहा तास मागे असूनही ते साधारण १५ व्या घरावर महाराजांना गाठतात. विशाळगड अजून पाच घरं लांब. उशीर सहाऐवजी आठ तासांचा झाला तर गाठ पडते थेट २० व्या घरावर, म्हणजे गडाच्या दारात.

याचा अर्थ काय? या पटावर शिवा काशीद यांनी मिळवून दिलेल्या एकेका तासाची किंमत दिसते. तो वेळ पुरत नसेल तर वाटेत कुणीतरी थांबून पाठलाग अडवावाच लागतो, हेही दिसतं. मग खेळाडूपुढे खरा निर्णय येतो: किती माणसं मागे ठेवायची आणि कुठल्या घरावर? जास्त ठेवली तर पुढे महाराजांसोबत कोण उरतं? कारण पुढे विशाळगडालाही सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होता.

पटाची ताकद: नियम डोळ्यांसमोर

आता समोर बसलेला मित्र म्हणतो, "जुलैच्या चिखलात घोडा एवढा पळेल का?" बरोबर आहे. नियम बदला. दोन घरांसाठी ४, ५ किंवा ६ पडायला हवेत. सरासरी १.५ वर आली. गाठ पडण्याची जागा १५ वरून १८ व्या घरावर गेली.

एका ओळीच्या नियमाने ९ किलोमीटरचा फरक पडला, आणि तो सगळ्यांच्या समोर पडला. नियम छापलेला असतो, त्यावर भांडता येतं, तो बदलता येतो.

त्याशिवाय कुणालातरी सिद्दीच्या बाजूने बसावंच लागतं. तिथे बसल्यावर कळतं की चार महिने वेढा टिकवणं, भर पावसात चौक्या जाग्या ठेवणं सोपं नव्हतं. समोरचा मूर्ख नव्हता हे कळलं की त्याला चकवणाऱ्यांची कामगिरी आणखी मोठी वाटते.

पटाच्या मर्यादाही आहेत. सोंगट्या हजार झाल्या की हिशोबातच दिवस जातो. आणि दोघांनाही सगळा नकाशा दिसतो. प्रत्यक्षात त्या रात्री सिद्दीला महाराज कुठे आहेत हे दिसत नव्हतं, म्हणून तर डाव साधला.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने यावर साधा उपाय काढला. १९४२ मध्ये लिव्हरपूल इथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या पथकाने जमिनीवरच समुद्राचा पट आखला. अधिकाऱ्यांना पडद्याआड बसवून छोट्या फटीतून जेवढं दिसेल तेवढंच पाहू दिलं जाई. पथकातल्या बहुतेक जणी तरुण महिला होत्या. जर्मन पाणबुड्यांना तोंड देण्याचे डावपेच याच फरशीवर तपासले गेले.

कॉम्प्युटर काय करतो?

जे पटाला जड जातं ते कॉम्प्युटर सहज करतो. 'एज ऑफ एम्पायर्स' खेळलेल्यांना नकाशावरचा काळोख आठवत असेल. आपला माणूस जिथे पोहोचला नाही तिथलं काही दिसत नाही. याला 'फॉग ऑफ वॉर' म्हणतात. पटावर यासाठी पंच किंवा पडदा लागतो.

दुसरा फायदा म्हणजे वेग. वर मांडलेला २० घरांचा डाव हाताने दहा वेळा खेळता येईल. कॉम्प्युटर तो काही क्षणांत दहा हजार वेळा खेळेल आणि सांगेल की किती वेळा महाराज निसटले आणि किती वेळा गाठ पडली. सरासरीच्या पलीकडे वाईटात वाईट काय होऊ शकतं तेही कळतं. खरा नकाशा, चढ-उतार, पाऊस, तोफेचा पल्ला हे सगळं एकाच वेळी मोजता येतं.

पण घोड्याच्या वेगाचा तो नियम आता प्रोग्रॅममध्ये आत कुठेतरी असतो. खेळणाऱ्याला तो दिसत नाही, दिसतो फक्त निकाल. आणि पडद्यावरचा निकाल टक्केवारीत आला की तो फाशापेक्षा जास्त खरा वाटू लागतो.

सगळ्यात अवघड आकडा हिमतीचा. खिंडीत उभ्या राहिलेल्या माणसांची जिद्द किती धरायची? पटावर कुणीतरी "फाशात दोन मिळवा" असं लिहील आणि बाकीचे त्यावर वाद घालतील. कॉम्प्युटरमध्येही कुणीतरी आकडाच लिहिलेला असतो. फक्त तो कुणी आणि कशावरून लिहिला हे विचारायचं राहून जातं.

निकाल आवडला नाही तर?

नियम दिसत असले तरी माणूस स्वतःला फसवू शकतो. मे १९४२ मध्ये जपानी नौदलाने मिडवे मोहिमेचा वॉरगेम घेतला. फाशांनुसार जपानच्या विमानवाहू जहाजांवर नऊ बॉम्ब पडले आणि दोन जहाजं बुडाली. पंच असलेल्या ॲडमिरल उगाकी यांनी नऊचे तीन केले. पुढच्याच महिन्यात खऱ्या लढाईत जपानची चार विमानवाहू जहाजं बुडाली.

साठ वर्षांनी तेच कॉम्प्युटरच्या जमान्यात घडलं. २००२ मध्ये अमेरिकेने 'मिलेनियम चॅलेंज' नावाचा सुमारे २५ कोटी डॉलर खर्चाचा सराव घेतला. त्यात प्रत्यक्ष सैन्य आणि सिम्युलेशन दोन्ही होतं. शत्रूची भूमिका करणारे निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर यांनी अचानक हल्ला करून १६ जहाजं 'बुडवली'. सराव थांबवून ती जहाजं पुन्हा तरंगवण्यात आली आणि नंतर शत्रूपक्षावर बंधनं घातली गेली. व्हॅन रायपर यांनी ती भूमिका सोडली.

एकीकडे फासे होते, दुसरीकडे कॉम्प्युटर. चूक मात्र एकच होती. खेळाने नको ते सांगितलं, तेव्हा योजना बदलण्याऐवजी खेळ बदलला गेला. अशा चुकीची किंमत खेळाडूंना मोजावी लागत नाही. ती प्रत्यक्ष जहाजावर असलेल्यांना मोजावी लागते.

भारतीय लष्कर काय वापरतं?

दोन्ही. लष्करी प्रशिक्षणात 'सँड मॉडेल' आजही असतं. वाळू-मातीत डोंगर, नाले, रस्ते उभारायचे आणि त्याभोवती उभं राहून कारवाईची चर्चा करायची. दिवाळीच्या किल्ल्याचा हा थोरला भाऊच म्हणा. त्याच वेळी कॉम्प्युटरवरचे वॉरगेमही वाढत आहेत. मे २०२२ मध्ये लष्कराच्या प्रशिक्षण कमांडने गांधीनगरच्या राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाशी नवी दिल्लीत वॉरगेम संशोधन केंद्र उभारण्यासाठी करार केला. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर अपेक्षित आहे.

मग चांगलं काय?

काम काय आहे त्यावर ते ठरतं. एखादा निर्णय का घेतला गेला हे समजून घ्यायचं असेल, समोरासमोर वाद घालायचा असेल, तर पट. खूप आकडे एकत्र मोजायचे असतील, तोच डाव हजारो वेळा तपासायचा असेल, तर कॉम्प्युटर. आधी पटावर नियम ठरवून मग ते कॉम्प्युटरला देणं हा दोन्हींचा फायदा घेण्याचा मार्ग.

दोन्हींपैकी कुणीच इतिहास सिद्ध करत नाही. पावनखिंडीत नेमके किती मावळे होते, पाठलागावर किती जण होते याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. खेळ हे आकडे शोधून देत नाही, पण त्यातल्या कुठल्या आकड्याने सगळं चित्र बदलतं ते दाखवतो.

म्हणून "एआयने दाखवलं, ही लढाई कोण जिंकलं असतं" अशी रील समोर आली तर शेअर करण्याआधी तीन प्रश्न विचारा. नियम कुणी लिहिले? ते बघायला मिळतात का? आणि त्यातला एक आकडा बदलला तर उत्तर तेच राहतं का?

यंदा दिवाळीत किल्ला बांधून झाला की शेजारी २० घरांची वाट आखून बघा. सामान फारसं लागत नाही: खडू, एक फासा आणि सिद्दीच्या बाजूने मनापासून खेळणारा एक मित्र.