राज्यघटना किती सहज बदलता यावी? १९४९ मधील एक वाद

१७ सप्टेंबर १९४९. संविधान सभेपुढे मसुद्यातील कलम ३०४, म्हणजेच आजचे कलम ३६८, चर्चेला आले. राज्यघटना पुढे बदलायची झाल्यास ती कोणी व कशी बदलावी, हा प्रश्न होता. विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांचे म्हणणे असे की, प्रत्यक्ष कारभार सुरू झाला की उणिवा उघड्या पडतीलच; तेव्हा आरंभीची काही वर्षे तरी साध्या बहुमताने दुरुस्तीची सोय असावी.

डॉ. आंबेडकरांना हे मान्य नव्हते. या सभेला पक्षीय हेतू साधायचा नाही, उद्याची संसद मात्र पक्षांची असेल आणि वाटेत आडवे येणारे कलम बदलण्याचा मोह तिला होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशमुखांची सूचना नामंजूर झाली.

अखेर ठरलेली रचना मोठी लवचीक आहे. काही बदल तर साध्या कायद्याने होतात. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्मले ते अशाच कायद्याने. त्याला घटनादुरुस्ती म्हणतच नाहीत! मूलभूत हक्कांसारख्या बाबींत उपस्थित व मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश आणि एकूण सदस्यांचे बहुमत लागते. राष्ट्रपतींची निवडणूक, उच्च न्यायालये, केंद्र-राज्य अधिकारवाटप अशा विषयांत याखेरीज किमान निम्म्या राज्यांची संमतीही हवी.

आता पुढची गंमत पाहा. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने मे १९५० मध्ये रद्द केली. जमीनदारी निर्मूलनाचे कायदेही न्यायालयांत अडकू लागले. तेव्हा नेहरू सरकारने पहिली घटनादुरुस्ती आणली. श्यामाप्रसाद मुखर्जींनी कडाडून विरोध केला. कायदामंत्री आंबेडकर मात्र सरकारच्या बाजूने उभे होते. १८ जून १९५१ रोजी ती अमलात आली. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे अभिव्यक्तीवरील निर्बंधाचे नवे कारण ठरले. मात्र निर्बंध ‘वाजवी’ असावेत हा शब्दही त्याच वेळी दाखल झाला, हे टीकाकार सहसा विसरतात.

प्रजासत्ताकाला तेव्हा १७ महिनेही झाले नव्हते. पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती, आणि मत देणारी हंगामी संसद म्हणजे बहुतांशी तीच जुनी संविधान सभा होती. कलम ३६८ दोन सभागृहांची अपेक्षा करते, हिला तर एकच सभागृह. मग ही दुरुस्ती वैध कशी, असा आक्षेप शंकरी प्रसाद खटल्यात घेतला गेला. ५ ऑक्टोबर १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला.