मिरजेला गाडी बदलून : आपल्या भागातील संगणक शिक्षणाची हकिगत

गणपतीला घरी आलेल्या मुलांना ‘सध्या काय शिकतोस?’ असे विचारले की हल्ली दोनच उत्तरे ऐकू येतात, ‘सीएस’ नाहीतर ‘आयएस’. पुण्याहून आलेले एखादे काका मग गोंधळतात. ‘आयएस? म्हणजे आयटी नव्हे?’ तर काका, महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत ज्या शाखेला इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी म्हणतात, जवळपास तीच आपल्याकडे इन्फर्मेशन सायन्स या नावाने शिकवतात. नाव वेगळे, अभ्यास बराचसा तोच. पण हे शिक्षण अळणावरसारख्या गावातल्या घरांत शिरले कसे, हे आपण सहसा कोणाला विचारत नाही. मला ही गोष्ट यंत्रांपेक्षा अंतराची वाटते. आपले गाव रेल्वेचे असल्यामुळे ती रेल्वेच्या भाषेतच सांगतो.

धारवाड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. धारवाडचे कर्नाटक कॉलेज निघाले १९१७ साली, आणि त्याची पदवी मुंबई विद्यापीठाची. पुढे १९४७ मध्ये के. एल. ई. संस्थेने हुबळीत अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. आपण ज्याला सरसकट बीव्हीबी म्हणतो ते. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले, तेही आधी मुंबईत, आणि मग पुढल्या वर्षी धारवाडला आले. १९५४ पासून तेरा वर्षे त्याचे कुलगुरू होते डॉ. डी. सी. पावटे, केंब्रिजचे गणिती. रँग्लर म्हटले की मराठी माणसाला परांजपे आठवतात. धारवाडकरांना पावटे आठवले पाहिजेत. आज छोट्या महाबळेश्वरासारखा दिसणारा तो डोंगरावरचा परिसर त्यांच्या काळात उभा राहिला.

म्हणजे इंजिनिअर व्हायला हुबळी होती आणि गणित शिकायला धारवाड होते. संगणक मात्र दूर होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा देशी बांधणीचा संगणक १९६० मध्ये सुरू झाला. १९६३ साली कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० आला आणि तिथे विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंग शिकवायला सुरुवात झाली. प्रोग्रॅम लिहायचा कागदावर, मग त्याच्या ओळी भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवायच्या, कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. स्वल्पविराम चुकला की गठ्ठा परत.

हे अंतर किती होते याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आपल्या हुबळीचेच आहे. शिग्गावला जन्मलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, साठच्या दशकाच्या अखेरीस बीव्हीबीत दाखल झाल्या. कॉलेजात मुलगी ही एकटीच. साडी नेसायची, कँटीनला जायचे नाही, मुलांशी बोलायचे नाही, अशा अटी प्राचार्यांनी घातल्याचे त्यांनीच अनेकदा सांगितले आहे. मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हते. पदवी घेतली ती इलेक्ट्रिकलची. संगणकशास्त्र शिकायला त्यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जावे लागले. हुबळीच्या शल्यचिकित्सक प्राध्यापकाच्या मुलीची ही गोष्ट. अळणावरच्या लाकूड डेपोतल्या कारकुनाच्या मुलीची काय असणार? तिची गोष्टच नव्हती.

आमच्या पिढीला, म्हणजे ऐंशीच्या दशकात शिकणाऱ्यांना, संगणक म्हणजे पुणे. पुणे विद्यापीठात संगणकशास्त्राचा विभाग उभा राहत होता. कानपूरला नाव कमावलेले प्रा. हरी सहस्रबुद्धे तिथे आले होते. पदवीनंतर करता येणारा एमसीएचा अभ्यासक्रमही याच दशकात देशभर पसरला. १९८८ साली डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला, तेव्हा तर वर्तमानपत्रांनी पुण्याला डोक्यावरच घेतले. पण पुण्याला जायचे तर आपली मीटरगेज गाडी मिरजेपर्यंतच. तिथे रात्री-अपरात्री ट्रंक, वळकटी आणि लाडवांचा डबा घेऊन उतरायचे आणि ब्रॉडगेजच्या फलाटावर दुसरी गाडी धरायची. हमालाचे पैसे वाचवायचे म्हणून वडील सोबत येत. मिरजेपर्यंत मुलाला सोडून, फलाटावरच चहा पिऊन परतीच्या गाडीने माघारी आलेले वडील आपल्या गावात अजून आहेत. मुलींसाठी कोणी ही यातायात केल्याचे मला आठवत नाही. दोन शिकली-सवरलेली घरे सोडा, बाकीच्यांना पुण्यातल्या खोलीचे भाडेच झेपणारे नव्हते.

त्याच काळात उलट दिशेनेही रहदारी होती, आणि ती जरा बोचणारी होती. कर्नाटकात खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये लवकर निघाली. महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांना वसंतदादा पाटलांच्या सरकारने १९८३ साली वाट मोकळी केली. तोवर सांगली-कोल्हापूरकडची ऐपतदार मुले देणगी भरून कर्नाटकात येत. आपला मुलगा गुण असून खिडकीबाहेर, आणि परगावचा पैसे मोजून आत. ही रीत बदलली ती न्यायालयात. १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात, जो मुळात कर्नाटकातल्याच एका वैद्यकीय प्रवेशाचा होता, सर्वोच्च न्यायालयाने देणगी बेकायदा ठरवली. पुढल्या वर्षी उन्नीकृष्णन निकालाने गुणांवर भरायच्या जागा आणि फीची चौकट आखून दिली. १९९४ पासून कर्नाटकात सीईटी आली. पुढे २००२ च्या पै निकालाने ती चौकट पुन्हा बदलली, पण सीईटी राहिली. आपल्या भागातल्या संगणक शिक्षणाचा इतिहास लिहिताना मी यंत्रांच्या आधी या प्रवेश परीक्षेचे नाव लिहीन. शाळामास्तरांची मुले इंजिनिअरिंगला जाऊ लागली ती त्या यादीमुळे.

दुसरी गोष्ट १९९८ ची. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ सुरू झाले आणि कर्नाटक विद्यापीठाकडे असलेली हुबळी, धारवाड, बेळगावची अभियांत्रिकी महाविद्यालये त्याच्याकडे गेली. याच दशकात आपली मीटरगेज ब्रॉडगेज झाली. मिरजेला गाडी बदलायची गरज संपली, आणि गंमत अशी की त्याच सुमारास पुण्याला जायचीही गरज संपत आली. सकाळच्या गाडीत बसायचे, कंबारगणवी, मुगद मागे टाकत धारवाड किंवा हुबळी गाठायचे, संध्याकाळी घरी. महिन्याचा पास काढला की झाले. वसतिगृह नको, खोली नको, ‘मुलगी एकटी कशी राहणार’ हा प्रश्नही नको. आपल्या गावातल्या मुली संगणक शाखेत शिरल्या त्या या पासावर, असे माझे स्पष्ट मत आहे. विचार वगैरे नंतर बदलले. आधी गाडीची वेळ जुळली.

ज्यांना इंजिनिअरिंग जमले नाही त्यांच्यासाठी बाजारपेठेत संगणकाचे क्लास निघाले. चपला बाहेर काढून आत जायचे. धुळीने यंत्र बिघडते म्हणत, त्यामुळे त्या खोलीला देवघराचा मान होता. एका यंत्रापुढे तिघे बसत आणि कळफलकाला हात लागायची पाळी शेवटी येई.

अंतर कमी झाले तरी एक फाटक बंदच होते. ते इंग्रजीचे. दहावीपर्यंत मराठी किंवा कन्नड शाळा, घरी मराठी, गल्लीत कन्नड, आणि पीयूसीत एकदम सगळे इंग्रजीतून. प्रोग्रॅमच्या आज्ञा चार दिवसांत पाठ होत. वर्गात उभे राहून शंका विचारायला वर्ष लागे. याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवले आणि लिहिले मराठीत, हे मी अशा मुलांना नेहमी सांगतो. त्याचा त्यांना किती उपयोग होतो ते गणपती जाणे. सीईटीत कन्नड माध्यमातून शिकलेल्यांसाठी काही जागा राखीव असतात. मराठी शाळेतल्या मुलाला त्या नाहीत. सीमाभागातल्या ८६५ गावांतील मराठी मुलांना महाराष्ट्रात अभियांत्रिकी प्रवेशाची सवलत आहे खरी, पण त्यासाठी गाव त्या यादीत हवे आणि घर सोडून जायची तयारी हवी. शेवटी आपल्या मुलांनी इंग्रजीचे फाटक स्वतःच ढकलले. एकमेकांच्या वह्या वाचून, आणि प्रा. राजारामन यांची स्वस्त कागदावरची पुस्तके हातोहाती फिरवून.

आता तर कमालच झाली आहे. २०१५ साली ट्रिपल आयटी धारवाड सुरू झाली, तीही आधी हुबळीच्या आयटी पार्कात. त्याच वर्षी बीव्हीबीचे विद्यापीठ झाले. २०१६ मध्ये आयआयटी धारवाड आली. बेळगाव रस्त्यावरच्या वाल्मी संस्थेच्या इमारतींत तिचे पहिले वर्ग भरले आणि मार्च २०२३ मध्ये नव्या परिसराचे उद्घाटन झाले. तिला सुरुवातीला बोट धरून चालवले ते मुंबईच्या आयआयटीने. कर्नाटक कॉलेजच्या पदवीवर मुंबईचे नाव होते, त्यानंतर शंभर वर्षांनी धारवाडच्या एका संस्थेला पुन्हा मुंबईनेच हात दिला. जुन्या मंडळींना याचे फार सुख वाटते, मलाही वाटते.

पण आयआयटी आपल्या घरापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर आली म्हणून ती आपल्या मुलांच्या जवळ आली असे नव्हे. तिथे प्रवेश जेईईचा, आणि जेईईच्या तयारीची वाट पुन्हा लांबच्या शहरांतून जाते. कोणी कोट्याला पाठवतो, कोणी हैदराबादला. ट्रंकेऐवजी चाकांची बॅग आणि मिरजेऐवजी दुसरे स्टेशन, एवढाच फरक. खर्च तर तेव्हाच्या पुण्याला लाजवील असा. आपल्या मंडळाने हुशार मुलांसाठी शिष्यवृत्ती ठेवायची ठरवली, तर ती पदवीच्या फीपेक्षा या दोन वर्षांसाठी ठेवावी, ही सूचना मी कार्यकारिणीपुढे मांडली आहे.

आमच्या गल्लीतली एक मुलगी हुबळीला इन्फर्मेशन सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचे आजोबा लाकूड डेपोत होते. मुलाला, म्हणजे तिच्या बापाला, ते एकदा मिरजेपर्यंत सोडायला गेले होते. पैशाअभावी दुसऱ्या सत्रात तो परत आला. आता नात संध्याकाळच्या गाडीने येते. गाडीला उशीर झाला की आजोबा स्टेशनवर जाऊन बाकावर बसतात. नात मोबाईलवर गाडी कुठे आहे ते दाखवते, ‘आजोबा, मुगद सोडलंय, तुम्ही घरीच थांबा’ म्हणून कळवते. ते ‘हो’ म्हणतात आणि बसून राहतात.