शब्दवेध : दत्तक

संस्कृत ‘दा’ म्हणजे देणे. त्यावरून दत्त, म्हणजे दिलेला, आणि पुढे दत्तक. आपण ‘दत्तक घेतलं’ म्हणतो, पण शब्दाच्या पोटात देणारा आहे. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यात दत्तहोमाची, म्हणजे दत्तकविधीतल्या होमाची, सक्ती नाही. मूल प्रत्यक्ष देणं-घेणं मात्र हवंच. नुसतं सांभाळणं पुरत नाही. बीडमध्ये दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, लेकरू आजीकडे किंवा मामाकडे राहतं. कितीही वर्षं सांभाळलं तरी तेवढ्यानं ते दत्तक होत नाही. आईबापांचा हक्क शाबूत राहतो, आणि राहायलाच हवा. संस्थेतल्या मुलाची वाट वेगळी : त्याला आधी बालकल्याण समिती दत्तकासाठी मुक्त ठरवते. सप्टेंबर २०२२पासून अशा दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. समितीपुढे मूल सोपवलेल्या आईला ६० दिवसांत निर्णय फिरवता येतो. हे तिला तिथंच, तिच्या बोलीत, नीट सांगितलं गेलं पाहिजे.