अमेरिकेतील एकबारी रायफली आणि त्यांचे संग्राहक

जुनी नाणी, जुनी तिकिटे, जुन्या पोथ्या यांचे संग्राहक आपल्या परिचयाचे आहेत. बंदुकांचा, आणि त्यांतही एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या अमेरिकन रायफलींचा संग्रह करणारा मनुष्य मात्र आपल्याकडील श्रोत्यांना थोडासा चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. आपल्याकडे एकनळी आणि दुनळी असा भेद करतात, तो नळ्यांच्या संख्येवरून. येथे ज्या बंदुकांचा विचार करावयाचा आहे, त्या भरण्याच्या रीतीवरून एकबारी होत. एक काडतूस हाताने घालावयाचे, बार काढावयाचा, रिकामे टरफल बाहेर टाकावयाचे आणि मग दुसरे काडतूस घालावयाचे. 1850 ते 1920 या सत्तर वर्षांत अमेरिकेत अशा रायफली अनेक तऱ्हांनी घडविल्या गेल्या, आणि आज त्या जमविणारे लोक त्यांच्याकडे हत्यार म्हणून जेवढे पाहतात, त्याहून अधिक कागद म्हणून पाहतात. जन्म दप्तरात गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला या छंदाचे आकर्षण वाटते ते याच कारणाने.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासावी लागे. त्यासाठी शिपायाला उभे राहावे लागे, म्हणजे शत्रूला निशाण द्यावे लागे. ख्रिश्चन शार्प्स या कारागिराने 1848 साली जे पेटंट घेतले, त्यात नळीचे मागचे तोंड एका पोलादी ठोकळ्याने बंद केलेले होते. चापाखालची तरफ पुढे ओढली की ठोकळा खाली सरके व नळी मागून उघडी पडे. काडतूस आत सारून तरफ मागे घेतली की तो वर येऊन घट्ट बसे. प्रारंभीची काडतुसे कागदी असत आणि वर येणाऱ्या ठोकळ्याच्या धारेनेच त्यांची मागची बाजू कापली जाई. ही कल्पना इतकी साधी आणि इतकी भक्कम होती, की पुढे दारू बदलली, काडतुसे धातूची झाली, तरी ठोकळा तोच राहिला. कॅन्ससमधील गुलामगिरीविरोधी वसाहतवाल्यांकडे 1856 च्या सुमारास हीच रायफल पोहोचली, आणि 1859 साली हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर धाड घालताना जॉन ब्राउनच्या माणसांजवळही शार्प्सच होती.

भरभर बार काढणाऱ्या बंदुका त्या वेळी नव्हत्या असे नाही. स्पेन्सर आणि हेन्री यांच्या अनेकबारी रायफली 1860 च्या दशकात उपलब्ध होत्या. परंतु त्यांची यंत्ररचना नाजूक, म्हणून काडतूस आखूड व दारू कमी. लांब पल्ल्यावर जड गोळी फेकावयाची तर एकबारी रायफलीवाचून गत्यंतर नव्हते. 26 सप्टेंबर 1874 रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील क्रीडमूर येथे आयरिश आणि अमेरिकन संघांचा जो सामना झाला, त्याने हे जगापुढे सिद्ध केले. अंतरे आठशे, नऊशे आणि हजार यार्डांची. आयरिशांजवळ रिग्बीच्या ठासणीच्या रायफली, अमेरिकनांजवळ मागून भरण्याच्या शार्प्स व रेमिंग्टन. एका आयरिश नेमबाजाने शेजारच्याच लक्ष्याच्या मध्यावर गोळी मारली आणि ते चार गुण वाया गेले. शेवटी अमेरिकेच्या जॉन बोडीनचा एकच बार शिल्लक उरला, आणि आयर्लंड एका गुणाने पुढे होते. जिंजर बिअरची बाटली फुटून बोडीनचा हात नुकताच कापला होता. हाताला रुमाल गुंडाळून त्याने बार काढला आणि गोळी मध्यावर बसली. निकाल 934 विरुद्ध 931. त्या चार वाया गेलेल्या गुणांची बेरीज प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावी.

याच घराण्यातील एका शाखेचा आपल्या इतिहासाशीही संबंध आहे. बोस्टनच्या हेन्री पीबडीने 1862 साली पेटंट घेतलेला, मागच्या टोकाशी बिजागरीवर फिरणारा ठोकळा स्वित्झर्लंडमध्ये मार्टिनीने सुधारला, आणि 1871 साली तो मार्टिनी-हेन्री या नावाने ब्रिटिश सैन्यात आला. मात्र 1857 नंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींहून एक पिढी मागची बंदूक देण्याचा प्रघात होता. 27 जुलै 1880 रोजी अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत गोऱ्या 66 व्या पलटणीजवळ मार्टिनी-हेन्री होत्या, आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या मुंबई सैन्याच्या ग्रेनेडियर्सजवळ व जेकब्स रायफल्सजवळ जुन्या स्नायडर.

आता शार्प्सच्या कीर्तीची दुसरी बाजू. गव्यासारख्या त्या अमेरिकन बायसनच्या चामड्याचे यंत्रांचे पट्टे करता येतात हे 1871 च्या सुमारास कातडी कमावणाऱ्यांना उमगले, आणि पुढल्याच वर्षी रेल्वे डॉज सिटीला पोहोचली. शिकारी दूर बैठक मारून एकाच जागेवरून एकामागून एक जनावर पाडीत. धावता कळप बिथरू नये म्हणून पहिली गोळी कोणत्या मादीला घालावी, याचेही त्यांचे शास्त्र होते. नळी तापली तर तीत पाणी ओतावे लागे. विल्यम हॉर्नाडेने 1889 च्या प्रारंभी मोजदाद केली तेव्हा कोट्यवधींच्या त्या पशूंपैकी, पाळलेले धरून, 1,091 उरले होते. ज्या मैदानी जमातींचे अन्नवस्त्र या जनावरावर अवलंबून होते, त्यांचे काय झाले हे निराळे सांगावयास नको. टेक्ससमधील अडोबी वॉल्स येथे जून 1874 मध्ये कोमांची, कायोवा व शायेन योद्ध्यांनी शिकाऱ्यांच्या ठाण्यावर हल्ला केला तो याच संहारामुळे. तेथे बिली डिक्सनने उसनी घेतलेली शार्प्स झाडून दूरच्या टेकडीवरील एका योद्ध्याला पाडले. ते अंतर मागाहून 1,538 यार्ड सांगण्यात आले. स्वतः डिक्सनने त्या बाराचे श्रेय नशिबाला दिले. त्याच्या भक्तांना तेवढा विनय साधलेला नाही.

संग्राहकाचे खरे काम येथे सुरू होते. एखादी शार्प्स विक्रीला येते आणि विक्रेता म्हणतो, ही अडोबी वॉल्सला होती. जाणता मनुष्य प्रथम नळीवरील छाप वाचतो. त्यावर ब्रिजपोर्ट हे नाव असेल तर कथा तेथेच संपते, कारण शार्प्सचा कारखाना हार्टफर्डहून ब्रिजपोर्टला गेला तो 1876 साली. नळी नंतर बदलली असेल, हा बचाव विक्रेता करणारच. मग नळीवरील क्रमांक, दस्त्याचे लाकूड आणि पोलाद यांचा सांधा, स्क्रूंच्या खाचा ही सारी उलटतपासणी चालते. येथे एक गोष्ट नवख्याला समजत नाही. डागाळलेली, रंग उडालेली रायफल घासूनपुसून लखलखीत केली तर तिचे मोल वाढेल असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ते निम्म्यावर येते. जुन्या सनदेवरील पुसट अक्षरे नव्या शाईने गिरवली म्हणजे ती सनद जशी संशयास्पद होते, तसाच हा प्रकार आहे.

विंचेस्टरची गोष्ट याहून सुखाची, कारण तेथे वह्या टिकल्या. यूटा प्रांतातील ऑग्डेन गावी जॉन मोझेस ब्राउनिंगने चोविसाव्या वर्षी, 1879 मध्ये, एकबारी रायफलीचे पेटंट घेतले आणि भावांच्या मदतीने गावठी कारखान्यात काही शेकडा रायफली केल्या. त्यांपैकी 463 क्रमांकाची एक वापरलेली रायफल विंचेस्टरच्या फिरत्या विक्रेत्याच्या हाती लागली व त्याने ती मालकांकडे धाडली. 1883 साली कंपनीचे बेनेट आगगाडीने ऑग्डेनला गेले आणि आठ हजार डॉलरला सर्व हक्क घेऊन परतले. 1885 चा नमुना म्हणून प्रसिद्ध झालेली ही रायफल 1920 पर्यंत निघत होती. वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयात त्या कारखान्याच्या वह्या आहेत. क्रमांक कळविला आणि त्याची नोंद उपलब्ध असली, तर ती रायफल कोणत्या मापाची, कोणत्या नळीची होती आणि कोणत्या दिवशी कोठारातून बाहेर पडली, हे पत्राने कळते. सरकारी कचेरीत एवढ्या जुन्या नोंदीचा उतारा इतक्या सुखाने मिळेल, तर किती तंटे मिटतील!

जर्मन वसाहतवाल्यांनी आणलेल्या शुत्सेन मंडळांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय सोडवत नाही. दोनशे यार्डांवर, उभ्याने, निवांतपणे नेम धरणारे हे लोक. त्यांच्यासाठी नळ्या करणारा हॅरी पोप हा तर एक वल्लीच होता. त्याच्या पद्धतीत गोळी नळीच्या तोंडातून आत लोटावयाची आणि दारूचे टरफल मागून घालावयाचे, म्हणजे नवे आणि जुने दोन्ही एकाच बंदुकीत! 1906 च्या एप्रिलमध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोला दुकान थाटले, आणि थोड्याच दिवसांत भूकंपाने व आगीने ते नाहीसे झाले. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणताच तोंड फिरवले जाऊ लागले, तेव्हा मंडळेही ओसरली. मागाहून कित्येकांनी त्या रायफलींच्या नळ्या उपटून नव्या काडतुसांच्या नळ्या बसविल्या. जेम्स ग्रँटचे पुस्तक 1947 साली आले, पुढल्या वर्षी अमेरिकन सिंगल शॉट रायफल असोसिएशन निघाली, आणि या मोडतोडीला बराच पायबंद बसला.

अमेरिकेच्या 1968 च्या कायद्याने 1898 पर्यंत घडविलेली बंदूक पुरातन ठरते. म्हणजे ब्राउनिंगच्या त्याच नमुन्यातील थोरली बहीण पुराणवस्तू आणि धाकटी शस्त्र. कायद्याला रेघ कोठेतरी ओढावी लागतेच. आपल्या 1959 च्या शस्त्र अधिनियमातील सूट याहून कडक आहे: हत्यार कालबाह्य किंवा पुराणमूल्याचे असून भागत नाही, ते दुरुस्तीनेही बार काढण्याजोगे नसावे लागते.

कोठारातून निघाल्यावर रायफलीने काय केले, हे मात्र वही सांगत नाही. त्याचे उत्तर क्वचित जमिनीतून मिळते. 25 जून 1876 रोजी लिटल बिगहॉर्न येथे कस्टर आणि त्याच्याबरोबरची तुकडी कापली गेली. सैनिकांजवळ स्प्रिंगफील्डच्या एकबारी कार्बाइनी होत्या. 1983 साली वणव्याने तेथील गवत जळाले आणि पुढल्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी ती टेकडी पद्धतशीर धुंडाळली. प्रत्येक बंदुकीच्या आघातखिळ्याचा ठसा टरफलावर निराळा उमटतो. त्या ठशांवरून एकाच कार्बाइनीची टरफले कोठे कोठे पडली हे त्यांनी नकाशावर मांडले, आणि एकशे आठ वर्षांनंतर एखादी बंदूक त्या उतारावरून कोणत्या दिशेने सरकत गेली, हे दिसू लागले.