वहाणा हातात घेऊन तेरणेत

नदी ओलांडायची तर वहाणा काढून हातात घ्यायच्या, ही मराठवाड्यातली जुनी रीत. चामड्याची वहाण भिजली की फुगते, टाके सैल होतात आणि उन्हात वाळली की लाकडासारखी कडक होऊन टाच सोलते. तळाचे खिळे आणि टाचेची नाल गंजते ते वेगळेच. त्यामुळे धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी तेरणेच्या पात्रात पाऊल पडायचे ते अनवाणीच. आणि या काठावर पायाला काय लागेल याचा नेम नसे. कधी खापर, कधी शंखाच्या बांगडीचा तुकडा, कधी मणी, तर कधी शिशाचे नाणे.

कारण तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे फार मोठे नगर म्हणून तगरचा उल्लेख येतो. इथले जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जात असे. पुढे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत राहिले, पण ते तगर नेमके कुठले, यावर विद्वानांचे एकमत होईना. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर, तर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरचे नाव सुचवले होते. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर, हे मांडले आणि तेच मत टिकले.

गावाला मात्र आपल्या पायाखाली काहीतरी आहे हे फार आधीपासून ठाऊक होते. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे पांढर म्हणतात. मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरांवर पावसाळ्यापूर्वी पांढरीची माती टाकायची पद्धत होती, म्हणून टेकाडे वर्षानुवर्षे खणली गेली. त्यावर पाऊस पडला की सैल माती वाहून जाई आणि जड वस्तू जागच्या जागी उघड्या पडत. चांगल्या पावसानंतरची सकाळ ही शोधाची खरी वेळ. मान खाली, डोळे जमिनीवर आणि पाय चिखलात.

चिखल आणि पाय म्हटले की तेरला एकच नाव आठवते. संत गोरा कुंभार इथलेच आणि त्यांची समाधीही इथेच. विठ्ठलनामात तल्लीन होऊन माती तुडवताना पोटचे मूल पायाखाली गेल्याची त्यांची कथा महाराष्ट्रातल्या घराघरात सांगितली जाते. कुंभार माती अनवाणी तुडवतो त्यामागे कसबाचे कारण आहे. मातीतला खडा डोळ्याला दिसत नाही, तो तळपायाला कळतो. तेरणेच्या गाळात चालणाऱ्यालाही तळपायानेच खडा आणि खापर यांतला फरक सांगावा.

पाण्यात उभे राहून धातू शोधण्याचा पिढीजात धंदाही महाराष्ट्रात होता. झारेकरी सोनाराच्या दुकानातली धूळ आणि भट्टीची राख घेऊन ती पाण्यात धूत. हलकी माती वाहून जाई, जड कण परातीच्या तळाशी उरत. विदर्भाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात सोनझरी लोक नदीच्या वाळूतून सोन्याचे कण वेचत. तासन्‌तास पाण्यात उभे राहण्याचा हा धंदा. पोटासाठी असे पाण्यात उतरणे जगात इतरत्रही होते. हेन्री मेह्यू या पत्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या थेम्स नदीकाठच्या गरीब मुलांविषयी लिहिले आहे. ओहोटीला ही मुले अनवाणी गाळात उतरून कोळसा, लोखंड, तांब्याचे खिळे गोळा करत, आणि काचेने पाय कापला तर जखम बांधून पुन्हा गाळात उतरत.

तेरला मात्र या वेचण्यातून एक संग्रहालय उभे राहिले. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर पांढरीतल्या आणि नदीकाठच्या वस्तू जमवल्या. मातीच्या मूर्ती, मणी, शंखाचे दागिने, सातवाहनांची नाणी हे सारे त्यात आले. त्यांच्याच संग्रहात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. इटलीतल्या पाँपेई शहरात 1938 मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेले ते शहर आणि तेरणेकाठचे हे गाव एका व्यापाराच्या धाग्याने बांधलेले होते. 1958 मध्ये बा. ना. चापेकर यांनी इथे उत्खनन केले, पुढेही उत्खनने झाली. आज तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय लामतुरे यांच्याच नावाने आहे.

आता काठीच्या टोकाला चकती असलेले धातुशोधक यंत्र बाजारात सहज मिळते, आणि उथळ पाण्यात ते चालवणाऱ्यांना पायात काय घालावे हा प्रश्न पडतो. खिळे ठोकलेली वहाण किंवा पोलादी टोपीचा बूट चालत नाही. चकती पायाजवळून गेली की यंत्र त्या लोखंडावरच वाजते. चप्पल गाळात रुतून बसते. गमबूट घोट्याएवढ्या पाण्यात उत्तम, पण काठावरून आत पाणी शिरले की पाऊल उचलत नाही. पायाला घट्ट बसणारा, जाड तळाचा, धातूचा अंश नसलेला निओप्रीनचा बूट या कामाला सर्वांत बरा, कारण तो आतून भिजला तरी जड होत नाही आणि काच, बाभळीचा काटा, फुटका शिंपला तळातून सहसा आत येऊ देत नाही. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि ते पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. म्हणून पावसाळ्यात अनवाणी उतरण्याची जुनी रीत सोडलेलीच बरी.

पण तेरला पायातल्या बुटापेक्षा हातातल्या यंत्राचा विचार आधी करायला हवा. थेम्सच्या गाळात शोध घ्यायलाही आज परवाना लागतो. आपल्याकडे 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, आणि संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय खणणे हा गुन्हा आहे. यंत्र फक्त धातू सांगते. हस्तिदंताची मूर्ती, शंखाची बांगडी, मातीचा दिवा त्याला कळत नाही, आणि नाण्यासाठी मारलेल्या एका खड्ड्यात हे सारे फुटते. कोणत्या थरात काय होते, ही माहिती तर कायमची जाते.

पावसाळ्यात तेरला जाणाऱ्याने जाड तळाचे बूट जरूर घालावेत, काठाने चालावे आणि डोळे उघडे ठेवावेत. काही दिसले तर ते उचलू नये. त्याचे छायाचित्र काढावे, जागा नीट लक्षात ठेवावी आणि गावातल्या लामतुरे संग्रहालयात जाऊन सांगावे.