वतन, गिरणी आणि कंत्राट : कोणाच्या वाट्याला कोणते काम आले?

सकाळी सात-साडेसातला तुर्भे, दिघा किंवा खारघरच्या नाक्यावर जाऊन उभे राहा. थापी, फावडे, घमेले घेऊन माणसे रांगेने उभी असतात. त्यांना गाव विचारा. कोणी जालना सांगेल, कोणी परभणी, कोणी नांदेड, कोणी बुलढाणा. मग आडनाव विचारा. तिथून निघून रस्ता झाडणाऱ्या ताईंना आडनाव विचारा, कचऱ्याच्या गाडीवरच्या भावाला विचारा. शेवटी ऐरोलीतल्या काचेच्या इमारतीसमोर उभे राहून आत केबिनमध्ये कोण बसले आहे तेही पाहा. मला इथे कोणतीही आकडेवारी द्यायची नाही. तुम्ही स्वतः पाहा आणि स्वतःलाच विचारा, की हे शहर नवे असेल, पण कामाची वाटणी नवी आहे का?

'आता जात कोण पाहतो? ज्याच्यात गुणवत्ता त्याला काम,' असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. हे खरे की खोटे, याचे उत्तर भाषणात मिळणार नाही. त्यासाठी महाराष्ट्रात कोणत्या काळात कोणाला कोणते काम मिळाले आणि कोणते नाकारले गेले, हा इतिहास पाहावा लागेल.

पहिला टप्पा : वतन

वतन हा शब्द ऐकायला मोठा वाटतो. पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन आणि महाराचेही वतन. पण महाराचे वतन म्हणजे चोवीस तासांची चाकरी होती. सरकारी कामगार आला की त्याच्या दिमतीला उभे राहायचे, सारा पोचवायचा, निरोप न्यायचा, मेलेले ढोर ओढायचे. घरातला माणूस आजारी असेल तर बायकोने किंवा मुलाने ते काम करायचे. मोबदला काय? तुटपुंजी इनाम जमीन आणि गावाने मर्जी असेल तर दिलेले बलुते. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत वतन कायद्याने या वेठीला इंग्रजांचा शिक्काही मिळाला.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतनाची जमीन हाती आहे म्हणून समाजातले काही लोक वतनाला चिकटून होते. बाबासाहेबांनी त्यांना बजावले, की ही भाकरी नाही, ही बेडी आहे. वतन माणसाला गावाशी, जातीशी आणि ठरलेल्या कामाशी बांधते. त्याला दुसरे काम शोधू देत नाही आणि त्याच्या मनातली ईर्षाही मारते. ते विधेयक तेव्हा पास झाले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने संपायला १९५८-५९ साल उजाडावे लागले. तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले होते.

दुसरा टप्पा : लष्कर, रेल्वे, गिरणी

गावाबाहेर पडण्याची पहिली मोठी वाट लष्कराची होती. तिथे ठराविक पगार होता, पेन्शन होती आणि शिपायांच्या मुलांसाठी शाळा होती. सुभेदार रामजी सकपाळ त्या लष्करी शाळेतच शिकवत. एका पक्क्या नोकरीने पुढच्या पिढीत काय घडू शकते, याचा यापेक्षा मोठा दाखला कोणता द्यायचा? ही वाट १८९२ च्या सुमारास बंद झाली. 'लढवय्या जाती'च्या सिद्धांताने महारांची भरती थांबवली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. म्हणजे गरज असेल तेव्हा आत घ्यायचे आणि गरज सरली की बाहेर काढायचे. हा प्रकार आजच्या कंत्राटी कामगाराला सांगायला नको.

मग आल्या मुंबईच्या गिरण्या. यंत्राला जात कळत नाही, त्यामुळे कारखान्यात जात विरघळेल असे मानणारे तेव्हाही होते. पण गिरणीत माणूस घेण्याचे काम जॉबर करायचा. तो आपल्या गावचे, आपल्या नात्याचे, आपल्या जातीचे लोक घ्यायचा. अस्पृश्य कामगाराला रिंग खात्यात, झाडलोटीत आणि हलक्या कामांत जागा मिळे. जिथे मजुरी जास्त होती त्या विणकाम खात्याचे दार मात्र त्याला बंद होते. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना विणकर धागा तोंडाने ओढून घेत असे. एका धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले तर दुसरा बाटेल! बाहेर लाल झेंडा आणि 'कामगार एकजुटीचा विजय असो', आत पाण्याचा माठ वेगळा आणि साचा वेगळा.

१९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांना नेमका हाच प्रश्न विचारला. मालक अन्याय करतो म्हणून संप आहे ना? मग अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात जाऊ न देणारा सवर्ण कामगार काय करतो आहे? हा प्रश्न म्हणजे कामगार एकजूट फोडणे, असे आजही काही पुस्तकांतून सूचित केले जाते. एकजूट कोणी फोडली होती? विणकाम खात्याचे दार लावून घेणाऱ्याने की ते ठोठावणाऱ्याने?

रेल्वेतही तेच. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेबांनी तिथे खात्याखात्याने हिशोब मांडला. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून रुळावर राबतो आणि तिथेच म्हातारा होतो. त्याला साधा पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि सवर्ण स्टेशनमास्तरला तो घरात चालत नाही. वर्कशॉपमध्ये तो वरच्या हुद्द्यावर दिसत नाही. याच परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. यातला एकच शत्रू पाहणारा पुढारी आपल्या अर्ध्याच कामाचा असतो.

याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध मुंबईत संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्यात खांद्याला खांदा लावून उतरले. संपाचा हक्क काढून घेणारा कायदा येताच बाबासाहेब सर्व कामगारांसाठी रस्त्यावर आले. त्यांना जातीचे पुढारी म्हणणाऱ्यांनी हे वर्ष पुन्हा वाचावे.

श्रमिकांची विभागणी

१९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी एक सिद्धांत मांडला. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, एकावर एक रचलेली. आपण हे वाक्य पाठ करतो, पण पुढचा मुद्दा विसरतो. उद्योगधंदे बदलत असतात आणि माणसाला एक काम सोडून दुसरे धरता आले पाहिजे. जात त्याला तसे करू देत नाही, म्हणून ती बेकारीचे थेट कारण ठरते. हा निव्वळ अर्थशास्त्राचा मुद्दा आहे आणि तो अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने मांडला आहे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. सेवायोजन कार्यालये याच काळात सुरू झाली. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. सेवायोजन कार्यालयाचा अर्थ नीट लक्षात घ्या. नोकरी जॉबरच्या ओळखीने न मिळता सरकारी नोंदवहीतल्या क्रमाने मिळावी, असा तो विचार होता. पुढे राज्यघटनेच्या कलम १६(४) ने सरकारी नोकरीत प्रतिनिधित्वाचा हक्क दिला. कायम नोकरी आणि आरक्षण या दोन पायांवर आपल्या दोन पिढ्या उभ्या राहिल्या.

तिसरा टप्पा : नवे शहर, जुनी वाटणी

१९६२ मध्ये एमआयडीसी आली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनाचे, इंजिनिअरिंगचे कारखाने उभे राहिले. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनीवर शहर आखले गेले. शेती, मिठागरे आणि खाडी गेलेल्या आगरी-कोळी बांधवांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांचा प्रश्नही शेवटी हाच होता, की जमीन गेली, मग कामाचे काय?

याच सुमारास १९७२ चा दुष्काळ पडला. मराठवाड्यातला भूमिहीन दलित, वडार, बंजारा खडी फोडायला आणि इमारती बांधायला इकडे आला. ज्यांनी हे शहर बांधले ते शहराच्या आराखड्यात नव्हते. ते टेकडीच्या कडेला आणि एमआयडीसीच्या पाइपलाइनच्या बाजूला वस्ती करून राहिले. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर मुंबईतला गिरणी कामगार उद्ध्वस्त झाला. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातलेही अनेक जुने कारखाने बंद पडले आणि आयटीच्या इमारती आल्या. त्या इमारतींत झाडू, सुरक्षा आणि कँटीनचे काम कंत्राटदाराकडे गेले. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिका सुरू झाली. सफाईसारखी रोजची, कधीही न संपणारी कामे इथेही मोठ्या प्रमाणात कंत्राटी कामगारांच्या हातून होत आली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम १० नुसार कायम स्वरूपाच्या कामात सरकार २०२५ पर्यंत कंत्राटी पद्धत बंद करू शकत होते. पण २००१ च्या स्टील अथॉरिटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कंत्राट पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढून २०१७ मध्ये २,७०० सफाई कामगारांना कायम करून घेतले. २०१६ मध्ये पंजाबच्या खटल्यात समान कामाला समान वेतनाचे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू झाले. हे आपले विजय आहेत. पण २०२० च्या कामगार संहितेत 'मुख्य काम' आणि 'मुख्य नसलेले काम' असा भेद केला आहे. मुख्य कामात कंत्राट नको, असे ती म्हणते. मग मुख्य नसलेल्या कामांच्या यादीत पहिल्या ओळीत काय आहे? सफाई! पुढे सुरक्षा, कँटीन, माल चढवणे-उतरवणे. ज्या कामांवर आपली माणसे शतकानुशतके लोटली गेली, नेमकी तीच कामे.

कंत्राटाचा घाव दुहेरी आहे. पहिला पगारावर बसतो, तो दिसतो. दुसरा आरक्षणावर बसतो, तो दिसत नाही. कंत्राटदाराला बिंदुनामावली लागू नसते. घटनेतले कलम १६(४) जागच्या जागी राहते, पण ते ज्या पदांना लावायचे ती पदेच उरत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला. तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. संघटित आवाजाला अजून किंमत आहे, हे त्यातून दिसले.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की 'जगभर नोकऱ्या लवचिक झाल्या आहेत, डेन्मार्क बघा.' जरूर बघा. त्या छोट्या देशात मालक कामगाराला सहज काढू शकतो, हे खरे. पण तिथे १८९९ च्या सप्टेंबर कराराने मालक संघटनांनी कामगार संघटनांना मान्यता दिली. आजही सुमारे दोन तृतीयांश कामगार संघटनांचे सभासद आहेत. काम गेलेल्याला बेकारी भत्ता आणि नवे प्रशिक्षण मिळते. आपल्याकडचे विद्वान तिथला काढून टाकण्याचा हक्क तेवढा उचलतात आणि संरक्षण विमानतळावरच विसरून येतात. शिवाय गटारात कोणी उतरायचे हे तिथे जन्माने ठरत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे. 'लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, ती का सोडायची?' सोडू नका. ज्या घरात दुसरा आधार नाही तिथे ती भाकरी आहे. पण बाबासाहेबांनी वतनाबद्दल काय सांगितले होते ते आठवा. बापाचा झाडू मुलाच्या हातात येणे हा हक्क असेल, तर तो अपुरा हक्क आहे. वारसाच्या शिक्षणाप्रमाणे कार्यालयात, प्रयोगशाळेत, अभियंत्याच्या खुर्चीवर जाण्याची वाट त्याला प्रत्यक्षात मोकळी झाली पाहिजे.

मग करायचे काय?

याच वाशीच्या बाजारात उत्तराचा एक धागा आहे. माथाडी कामगाराचे काम रोज बदलते, मालकही बदलतो. तरीही अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. मंडळात मालकाची आणि कामगाराचीही नोंद होते, मजुरी मंडळामार्फत मिळते, भविष्य निर्वाह निधी आणि बोनस मिळतो. काम रोजचे असले म्हणून कामगार निराधार ठेवावा लागत नाही, हे महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध केले आहे. मग सफाई कामगार आणि नाक्यावरचा मजूर यांच्यासाठी तेवढ्याच ताकदीचे मंडळ का नको?

१९४७ च्या 'राज्य आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी एक प्रश्न टाकला आहे. बेकार माणसासमोर नोकरी ठेवली आणि सांगितले, की पगार ठरलेला नाही, तास ठरलेले नाहीत, संघटनेत जाता येणार नाही, तर तो काय निवडेल? उपाशी माणूस हक्क सोडून भाकरी घेईल. म्हणूनच आर्थिक सुरक्षेशिवाय मूलभूत हक्क पोकळ ठरतात.

तरुण मित्रांनो, १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे जाताना बाबासाहेब बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे लेखी निवेदन घेऊन गेले होते. आपण काय घेऊन जातो? आपल्या वॉर्डापासून सुरुवात करा. महापालिका, रुग्णालय, शाळा, कंपनी, मॉल, प्रत्येक ठिकाणी कोणते काम कोण करतो, कायम की कंत्राटी, पगाराची पावती आणि भविष्य निर्वाह निधी आहे की नाही, याची वही तयार करा. रिक्त पदे किती आणि त्यांतली राखीव किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. १४ एप्रिलला मिरवणूक काढा, पण १५ एप्रिलला ती वही घेऊन आयुक्तांच्या दारात उभे राहा.

वतन गेले, गिरणी गेली. कंत्राटही जाईल. पण ते आपण घालवले तरच जाईल.

जय भीम!